हातात मावणारा लिनक्स: कळा थोड्या, पडदा लहान, मग काम कसं चालतं?

नरकासुर जाळून झाला, घरात फोव (पोहे) वाटले गेले, आणि फर्मागुडीला शिकणारा भाचा बॅगेतून एक वस्तू काढून माझ्यासमोर बसला. जेवणाच्या सपाट डब्याएवढं यंत्र, झाकण उघडलं की आत सात इंची पडदा आणि खाली इवलासा कीबोर्ड. "मामा, हा पुरा लिनक्स आहे. पण दोन गोष्टींनी माझं डोकं उठवलंय. मध्येच हँग होतो, आणि तुम्ही पाठवलेली संहिता वाचताना अक्षरं एकमेकांत मिसळतात."

मी डिचोलीत डीटीपीचं काम करतो. जत्रेची पत्रकं, भजनी सप्त्याच्या पत्रिका, उत्सवातल्या नाटकांच्या संहिता अशी माझी रोजची कामं. त्यामुळे अक्षर मिसळतं म्हटल्यावर मी ताट बाजूला सारलं. दोन दिवस ते यंत्र वापरून पाहिलं, तेव्हा कळलं की त्याच्या दोन तक्रारी मुळात एकच आहेत. या छोट्या यंत्रात कीबोर्ड आणि पडदा एकमेकांवर अवलंबून असतात. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी लागते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला आणि बरेच लोक लिनक्सकडे वळून बघू लागले. त्यातच हातात धरून वापरायची लिनक्स यंत्रं, विशेषतः खेळांसाठीची, तरुण मुलांच्या बोलण्यात आहेत. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

हे यंत्र म्हणजे नेमकं काय?

लिनक्स ही संगणक चालवणारी मूळ व्यवस्था. तेच काम करणारी दुसरी व्यवस्था म्हणजे विंडोज. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये ती खुली केली. कोणीही घ्यावी, बदलावी, वाटावी. ही व्यवस्था पूर्ण रूपात हातात मावणाऱ्या यंत्रावर चालते, तेव्हा त्याला हँडहेल्ड लिनक्स संगणक म्हणतात.

कल्पना नवी नाही. शार्प कंपनीने जपानमध्ये २००२ च्या अखेरीस झॉरस एसएल-सी७०० आणला, त्याला ३.७ इंची पडदा आणि कीबोर्ड होता. नोकियाचा एन९०० २००९ चा. व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक २०२२ चा. तो खेळांसाठी असला तरी आत लिनक्सच आहे, आणि हवं तेव्हा त्यावर नेहमीचा डेस्कटॉप उघडता येतो.

एक कळ, चार कामं

मोठ्या कीबोर्डवर १०४ च्या आसपास कळा असतात. हातातल्या यंत्रावर तेवढी जागा नाही, म्हणून एकाच कळेला तीन-चार कामं वाटून द्यावी लागतात.

भजनात पेटी वाजवणाऱ्याला हे लगेच समजेल. स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांचा फळा एक घर सरकवला की त्याच पट्टीखाली दुसरा सूर येतो. पट्टी तीच, बोट तेच, सूर वेगळा. कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि सुपर या कळा हेच करतात. सुपर म्हणजे एरवी जिच्यावर खिडकीचं चिन्ह असतं ती. या कळा दुसऱ्या कळेचा अर्थ बदलतात. मी त्यांना जोडकळा म्हणेन. जोडकळ आणि साधी कळ मिळून जो हुकूम तयार होतो, तो शॉर्टकट.

यात एक पाचवी कळ वेगळ्या जातीची आहे, एफएन. बहुतेक यंत्रांत तिचा निर्णय कीबोर्डच्या आतल्या चिपमध्येच होतो. लिनक्सपर्यंत फक्त निकाल पोचतो. म्हणून कंट्रोल आणि कॅप्स लॉकची अदलाबदल लिनक्समध्ये सहज करता येते, पण एफएन कळ जिथे आहे तिथेच राहते. यंत्र विकत घेताना मी सर्वांत आधी तिची जागा बघेन. एफ१ ते एफ१२, होम, एंड, कधी कधी डिलीटसुद्धा एफएनच्या खाली दडवलेलं असतं. बिघडलेला डेस्कटॉप सोडून अक्षरी पडद्यावर, म्हणजे जिथे चित्रं नसतात, नुसते हुकूम टाइप करायचे तिथे जायला कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबायचे असतात. एफ३ जर एफएनखाली असेल, तर चार कळा झाल्या. यंत्र दोन्ही हातांत धरलेलं, मोकळे फक्त दोन अंगठे. चार कळा कशा दाबणार?

याला लिनक्समध्ये जुना आणि चांगला उपाय आहे. अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये 'स्टिकी कीज' नावाची सोय असते, तिला चिकट कळा म्हणू. ती चालू केली की जोडकळ धरून ठेवावी लागत नाही. कंट्रोल दाबा, सोडा, मग सी दाबा, झालं कंट्रोल-सी. मूळ सोय एकाच हाताने काम करणाऱ्यांसाठी केलेली आहे, पण अंगठ्यांनी टाइप करणाऱ्या प्रत्येकाला ती वरदान ठरते. एन९०० वर हे आधीपासूनच होतं: एफएन एकदा टिचकावली की पुढच्या अक्षरापुरती, दोनदा टिचकावली की कायम. भाच्याच्या यंत्रावर मी ही सोय चालू करून दिली आणि त्याची निम्मी कुरकुर थांबली.

स्टीम डेकवर तर अक्षरांच्या कळाच नाहीत. तिथे स्टीम असं लिहिलेलं बटण जोडकळेचं काम करतं. ते धरून एक्स दाबलं की पडद्यावर कीबोर्ड येतो. ते धरून एल१ दाबलं की भिंग उघडतं. ते धरून डावी दांडी वरखाली केली की उजेड कमी-जास्त होतो. जेवढ्या कळा कमी, तेवढं जोडकळेवरचं ओझं वाढतं.

कंट्रोल-एस दाबलं आणि यंत्र गोठलं

आता भाच्याच्या यंत्राचं 'हँग होणं'. भाचा टर्मिनलमध्ये काम करत होता. टर्मिनल म्हणजे हुकूम टाइप करून यंत्र चालवायची खिडकी. लिहिता लिहिता सवयीने त्याने कंट्रोल-एस दाबलं, सेव्ह करायला. खिडकी थिजली. कोणतीही कळ दाबा, काही उमटेना. त्याने पॉवरचं बटण दाबून यंत्र बंद केलं, आणि तासाभराचं काम गेलं.

यंत्र मेलेलं नव्हतं. टर्मिनलमध्ये कंट्रोल-एसचा अर्थ सेव्ह नसून 'थांब' असा आहे, आणि कंट्रोल-क्यूचा अर्थ 'चालू दे'. त्याने कंट्रोल-क्यू दाबलं असतं तर सगळं जिथल्या तिथे परत आलं असतं.

असा विचित्र अर्थ आला कुठून? पडद्यांच्या आधी टेलिप्रिंटर होते, तारेवरून आलेली अक्षरं कागदावर ठोकणारी यंत्रं. १९६३ मध्ये अक्षरांना आकडे देणारी आस्की ही प्रमाण संकेतावली आली. तिच्यात पहिले ३२ आकडे छापायच्या अक्षरांसाठी नव्हते, यंत्राला सूचना देण्यासाठी होते. कंट्रोल धरून अक्षर दाबलं की त्या अक्षराचा वर्णमालेतला क्रमांक जायचा. सी तिसरं अक्षर, म्हणून ३. जी सातवं, म्हणून ७, आणि ७ पोचला की समोरच्या यंत्रावर खरोखरची घंटा वाजायची. एस म्हणजे १९: पाठवणं थांबव. क्यू म्हणजे १७: पुन्हा सुरू कर. युनिक्स या जुन्या संगणक व्यवस्थेने हे अर्थ उचलले, लिनक्सने युनिक्सकडून घेतले, आणि भाच्याच्या हातात ते आजही जिवंत आहेत.

कंट्रोल-सी म्हणजे कॉपी, हा अर्थ नंतरचा. म्हणून टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबलं तर कॉपी होत नाही, चालू असलेला कार्यक्रम थांबतो. कॉपीसाठी तिथे कंट्रोल-शिफ्ट-सी. मॅकवर ही टक्कर होत नाही, कारण तिथे कॉपीसाठी कमांड नावाची वेगळी कळ आहे.

"एवढे शॉर्टकट पाठ कसे करायचे?" असं तो म्हणाला. पाठ करायचेच नाहीत. टर्मिनलसाठी तीन पुरेत. टॅब दाबलं की अर्धवट लिहिलेलं नाव पूर्ण होतं. कंट्रोल-आर दाबून दोन-तीन अक्षरं लिहिली की पूर्वी दिलेला हुकूम शोधून मिळतो. कंट्रोल-डब्ल्यूने मागचा एक शब्द पुसला जातो. अंगठ्याने चाळीस अक्षरं टाइप करणं आणि चार अक्षरांत भागवणं, यातला फरक दिवसाच्या शेवटी सांध्यांना कळतो.

मराठी लिहिताना शॉर्टकट बंद का पडतात?

हा प्रश्न मला आमच्या कामात बरेच जण विचारतात.

लिनक्समध्ये मराठीसाठी इन्स्क्रिप्ट मांडणी आयतीच असते. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. के या कळेवर क, शिफ्ट धरून ख. डीवर हलन्त. शिफ्ट-जेवर ऱ, जो नसेल तर 'दुसऱ्या' हा शब्दच नीट लिहिता येत नाही. ही मांडणी चालू असताना सी ही कळ म देते. मग कंट्रोल-सी दाबलं की यंत्राला 'कंट्रोल-म' ऐकू येतं, आणि असा हुकूम कोणाच्याच यादीत नसतो.

चांगले प्रोग्राम अशा वेळी तुमच्या यादीतल्या बाकीच्या मांडण्या चाळतात, आणि तिथे त्या कळेवर सी सापडलं तर तो हुकूम मानतात. म्हणून यादीतून इंग्रजी कधीही काढून टाकू नका, उलट ती पहिली ठेवा आणि मराठी दुसरी. ग्नोम या लिनक्सवरच्या एका डेस्कटॉपवर सुपर-स्पेसने एकीतून दुसरीत जाता येतं. छोट्या कीबोर्डच्या कळांवर देवनागरी छापलेली नसते, पण इन्स्क्रिप्ट हाताला बसलेल्याला ती लागतही नाही. क चं घर तेच राहतं, मग कळ नखाएवढी असली तरी.

पडद्याचे ठिपके मोजायचे कसे?

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग.

पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपका एक पिक्सेल. एका इंचात किती ठिपके बसतात तो आकडा म्हणजे पीपीआय. १५.६ इंची जुन्या, साध्या लॅपटॉपवर १३६६ बाय ७६८ ठिपके असतात, म्हणजे इंचाला सुमारे १००. स्टीम डेकचा पहिला पडदा सात इंची, १२८० बाय ८००, म्हणजे इंचाला २१६. गंमत अशी की २००२ च्या त्या झॉरसवर ३.७ इंचांत ६४० बाय ४८० ठिपके होते, हिशेब केला तर तोही २१६ च येतो.

किती पुरेत हे डोळ्यापासूनच्या अंतरावर ठरतं. चांगल्या नजरेला अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखता येतो. त्या हिशेबाने ६० सेंटीमीटरवर ठेवलेल्या पडद्याला १४५ पीपीआय पुरतात, ४० सेंटीमीटरवर धरलेल्याला साधारण २१८ लागतात, आणि ३० सेंटीमीटरवर २९०. हातातलं यंत्र आपण चाळीसच्या आसपास धरतो. तेव्हा २१६ हा आकडा काठावर पास म्हणायला हवा.

पण हे काठावरचं पास होणं इंग्रजीला चालतं, मराठीला कमी पडतं. इंग्रजी अक्षर एका ओळीत सरळ उभं राहतं. देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार आणि जोडाक्षराचे पाय. तेवढ्याच उंचीत आपल्याला तीन मजले बांधायचे असतात. 'राष्ट्रीय' या शब्दातल्या ष्ट्री मध्ये किती रेषा आहेत ते मोजून बघा. त्याहून धोकादायक म्हणजे शिरोरेघेतली फट. भ आणि म, ध आणि घ, थ आणि य यांना वेगळं करणारी खूण मुख्यतः तीच. फट एका ठिपक्याहून लहान झाली की बुजते, आणि 'भरण'चं 'मरण' होतं. पत्रिकेत अशी चूक झाली तर यजमानासमोर उभं राहायला तोंड राहत नाही.

भाच्याच्या पडद्यावर अक्षरं मिसळत होती त्याला आणखी एक कारण निघालं. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन पट्ट्या शेजारी शेजारी असतात. अक्षराच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून संगणक या पट्ट्या वेगवेगळ्या उजळतो. पण हातातल्या पुष्कळ यंत्रांत मूळचा उभा, फोनसारखा पडदा आडवा करून बसवलेला असतो. स्टीम डेकमध्येही तसंच आहे. पडदा फिरला की त्या पट्ट्याही फिरतात, शेजारी शेजारी होत्या त्या एकाखाली एक येतात. संगणकाला हे सांगितलं नाही, तर तो कडा चुकीच्या दिशेने रंगवतो आणि अक्षराला रंगीत झालर येते. यंत्र सुरू होताना पहिली अक्षरं कधी आडवी पडलेली दिसतात, तीही याच फिरवण्यामुळे. उपाय सोपा: फॉन्टच्या सेटिंगमध्ये कडा गुळगुळीत करायची पद्धत 'ग्रेस्केल' करायची. झालर गेली. फॉन्टही बदलला. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी लहान आकारात मोकळे राहतात.

अक्षर मोठं केलं की झालं ना?

झालं, पण त्याची किंमत मोजावी लागते. सगळं दुप्पट मोठं करण्याला २०० टक्के स्केलिंग म्हणतात. १२८० बाय ८०० चा पडदा दुप्पट केला की कामाला उरते ६४० बाय ४०० एवढीच जागा. १९८७ च्या व्हीजीए पडद्याची उंचीसुद्धा ४८० होती. त्या ४०० मध्ये वरची पट्टी, खिडकीचं नाव, मेनू, चिन्हांची ओळ आणि तळाची पट्टी, सगळी मिळून दीडशेच्या आसपास खातात. वाचायला उरते खिडकीची फट.

इथे शॉर्टकट आणि पडदा एकत्र येतात. मेनू आणि चिन्हं पडद्यावर असतात ती माऊसने दाबण्यासाठी. तेच काम कळांनी होत असेल तर ती पडद्यावर ठेवायची गरज नाही. एफ११ दाबला की ब्राउझर पूर्ण पडदा घेतो. टूलबार बंद करा. डेस्कटॉपची वरची पट्टी आपोआप लपेल अशी सोय करा. माझ्या मोजणीत भाच्याच्या पडद्यावर संहितेच्या नऊ ओळी दिसत होत्या, त्या चौदा झाल्या. पडदा तोच राहिला.

एक नेहमीची अडचण सांगतो. छोट्या पडद्यावर एखादी चौकट एवढी उंच असते की तिचं 'ओके'चं बटण पडद्याच्या खाली जातं, दिसतच नाही. सुपर धरून (काही डेस्कटॉपवर ऑल्ट) खिडकी कुठेही पकडून वर ओढा, ती पडद्याबाहेर सरकते आणि खालचं बटण वर येतं. बहुतेक वेळा नुसतं एंटर दाबलं तरी ओके होतं, एस्केप दाबलं तरी रद्द.

मधला मार्ग म्हणजे १२५ किंवा १५० टक्के. मात्र जुन्या पद्धतीचे प्रोग्राम अशा अपूर्णांकावर धूसर दिसू शकतात: यंत्र आधी चित्र काढतं आणि मग ते ताणतं. त्यापेक्षा सगळं १०० टक्के ठेवून फक्त फॉन्ट वाढवणं मला मराठीसाठी जास्त पसंत पडलं.

फेरीबोटीत पडदा आरसा का होतो?

दिवाडीच्या फेरीत भर दुपारी हे यंत्र उघडलं तर काळ्या पडद्यात तुमचंच तोंड दिसतं. पडद्याचा उजेड निट या एककात मोजतात. स्टीम डेकचा पहिला पडदा ४०० निट्सचा. उन्हातला पांढरा ढग १०,००० निट्सच्या घरात असतो, आणि काचेच्या पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दहा हजाराचे चार टक्के म्हणजे चारशे. ढगाचं प्रतिबिंब आणि तुमचं अक्षर सारखीच उजळ होतात, मग दिसणार काय? बाहेर असताना म्हणून काळी थीम बंद करा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळं अक्षर निदान टिकून राहतं.

काही पडद्यांची काच मुद्दाम खरखरीत केलेली असते. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्या आठवा. बाहेरचं ऊन त्यातून आत येतं ते पसरून, मऊ होऊन. खरखरीत काच परतणाऱ्या प्रकाशाचं तेच करते, प्रतिबिंब विरघळतं. पण शिंपल्यातून बाहेरचं झाडही स्पष्ट दिसत नाही, तशी इथेही अक्षराची धार किंचित कमी होते. पडदा मुळात दाट असेल तरच हा सौदा करावा.

मग जास्त पीपीआय म्हणजे चांगला पडदा का? नाही. स्टीम डेकचा २०२३ मध्ये आलेला ओएलईडी पडदा ७.४ इंची आहे, ठिपके तेवढेच, म्हणजे पीपीआय घटून २०४. तरीही तो आधीच्यापेक्षा सरस आहे. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि विझतो, मागून सतत जळणारा दिवा नाही. त्यामुळे काळं खरंच काळं दिसतं.

याचा उपयोग मला विंगेत समजला. गावच्या नाटकात प्रॉम्प्टर अंधारात बसतो. साध्या एलसीडीचा उजेड अगदी खाली आणला तरी काळा भाग राखाडी झळकतो आणि पहिल्या ओळीतल्या प्रेक्षकाला विंगेत दिवा दिसतो. म्हणून पडदा किती उजळ होतो याइतकंच तो किती मंद होऊ शकतो हेही विचारा. काही पडदे उजेड कमी करताना वेगाने चमकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. अशा माणसाने दहा मिनिटं मंद उजेडात वाचून बघितल्याशिवाय घेऊ नये.

फोन असताना हे कशाला?

वाचायला आणि बोलायला फोन पुरे. अँड्रॉइडच्या तळाशीही लिनक्सच आहे. पण पान जुळवणी, कोड लिहिणं, शंभर फायलींची नावं एका हुकमात बदलणं ही कामं फोनवर सहज जमत नाहीत. आणि पावसाळ्यात ओल्या बोटांनी, थेंब पडलेल्या काचेवर टच भलतंच काही ऐकतो. कळ दाबली की दाबली जाते.

घेणार असाल तर दुकानात एक ओळ टाइप करून बघा: भरण मरण, धन घन, थर यर, राष्ट्रीय, दुसऱ्या. बारा पॉइंट ठेवा, यंत्र जसं धराल तसं धरा, आणि मग उघड्या दारापाशी जाऊन पुन्हा वाचा. टाइप करतानाच एफएन कुठे आहे, उजवा अंगठा एंटरला पोचतो का, तेही कळेल. बाहेर देशातून मागवणार असाल तर इथे वॉरंटी चालते का ते पैसे देण्याआधी लेखी विचारा.

भाचा भाऊबीज झाल्यावर परत गेला. जाताना मी त्याला येत्या जत्रेच्या नाटकाची संहिता यंत्रावर घालून दिली: मुक्ता फॉन्ट, सोळा पॉइंट, काळी पार्श्वभूमी, पान पुढे न्यायला फक्त स्पेस. प्रॉम्प्टिंग यंदा तोच करणार आहे.